सुरकुती पडू देऊ नका

“आधी ते धोतर उचला,” शालन म्हणाली.

मी दुकानाच्या पायरीवर बसून कपड्यांना खुणा घालत होतो. मला वाटलं, धोतरावर डाग दिसला असेल. वळून बघितलं तर ती टेबलापाशी उभी होती. एका हातात कोळशाची इस्त्री, आणि दुसऱ्या हातानं टेबलाच्या कडेवरून लोंबणारं धोतर ती वर ओढत होती. तिच्या साडीच्या काठाखालून रक्त येत होतं. ठिबकत नव्हतं. सुतासारखी बारीक धार होती आणि ती समोर ठेवलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर उडत होती.

“अगं, काय कापलं?”

“कापलं कुठं? खाज आली म्हणून दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं खाजवलं नुसतं. तुम्ही धोतर उचला की! उद्याच्या लग्नाचं हाय.”

आणि मी खरंच आधी धोतर उचललं. घडी घालून फळीवर ठेवलं. मग तिच्याकडं गेलो.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. शालन जाऊन दोन. आता घरात कुणी विचारणारं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

तासगावात भाजी मंडईच्या मागच्या बोळात आमचं दुकान होतं. पाटी नव्हती. ‘सोपान परटाचं दुकान’ म्हटलं की लहान पोरही आणून सोडायचं. दुकानात दोन टेबलं होती, एक माझं, एक तिचं. वैशाखात लग्नं एकावर एक असायची. सकाळी सातला निखारे घालायचे ते रात्री आठपर्यंत. आमच्या धंद्यात बसून इस्त्री होत नाही. जोर खांद्यातून लागतो आणि खांद्याला तो पायातून मिळतो. मी निदान कपडे पोचवायला सायकलवरून गावात फिरायचो. ती एका जागी उभी असायची, लग्न झाल्यापासून.

मी तिला स्टुलावर बसवलं. साप चावल्यावर बांधतात तसं काही तरी वर बांधायचं, एवढंच मला सुचलं. टेबलावर कुणाच्या तरी पायजम्याची नाडी पडली होती. ती घेऊन गुडघ्याच्या वर करकचून आवळली. रक्त थांबायचं सोडून जास्तच उडायला लागलं. मी आणखी आवळली.

“ठणकतंय वो,” ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

शेजारी नबी शिकलगारचं शिलाईचं दुकान. माझा आवाज ऐकून तो गळ्यात टेप घेऊनच धावत आला. एकदा बघितलं आणि माझा हात झटकला.

“अण्णा, खुळ्यागत काय करालाय? आडवी करा वहिनीला! पाय वर!”

“बांधलंय की मी.”

“बांधलंय म्हणूनच उडालंय! रक्त खाली साठलंय, वरनं कोंडलं की खालनं फुटणारच. होमगार्डात नुसत्या काठ्या न्हाई फिरवल्या मी. उचला!”

आम्ही दोघांनी तिला उचलून इस्त्रीच्या टेबलावर आडवं केलं. नबीनं तिचा पाय लग्नघरच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला, सरळ, काही विचार न करता. कात्रीनं माझी नाडी कापली. मग पायातला, घोट्यापाशी विरलेला लांब मोजा कापायला घेतला आणि थांबला. गुडघ्याच्या खाली मोज्यावरून आणखी एक पट्टी बांधलेली होती, जुन्या साडीच्या काठाची.

“ही कुणी बांधली?”

“मीच,” शालन म्हणाली. “मोजा घसरतोय म्हणून.”

नबीनं तीही कापली, मोजा सोलून काढला, फडक्याची जाड घडी करून घोट्यापाशी दाबून धरली. “धरा हितं. सोडायचं न्हाई. बघायचं बी न्हाई सारखं उचलून.”

मी धरलं. मला धीर निघत नव्हता. दर थोड्या वेळानं हात काढून बघावंसं वाटायचं आणि नबी माझ्या मनगटावर टेपनं फटका मारायचा. शालन आढ्याकडं बघत पडली होती. इस्त्री तिच्या डोक्याशेजारीच राहिली होती, आत कोळसे फुललेले.

“नबीभाऊ,” ती म्हणाली, “ती इस्त्री तेवढी बाजूला करा. न्हाईतर ह्ये गडबडीत माझीच घडी घालून द्यायचे कुणाला तरी.”

नबी हसला. मला हसू आलं नाही. दहा मिनिटांनी फडकं उचललं तेव्हा रक्त थांबलं होतं. घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट कातडी होती, तिच्यावर हरभऱ्याएवढी जखम. आणि तिथून वर पोटरीपर्यंत निळ्या शिरा, करंगळीएवढ्या जाड, वेड्यावाकड्या. मी त्या पहिल्यांदा बघितल्या त्याला त्या वेळी आठ महिनेच झाले होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. ती नेहमी साडी घोट्याच्या खाली नेसायची.

त्या आठ महिन्यांपूर्वीच मी तिला शेटेबाईंकडं नेलं होतं. डॉक्टर पद्मजा शेटे, एसटी स्टँडजवळ त्यांचा छोटा दवाखाना होता, खाली तपासणी आणि वर सहा खाटा. बाईंनी तेव्हा नीट समजावून सांगितलं होतं. पायातलं रक्त वर चढवणाऱ्या शिरांना आतून झडपा असतात. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहून त्या सैल पडतात, रक्त खाली साचतं, शिरा फुगतात. दुपारी पाय उशीवर घेऊन पडायचं. उभं राहावंच लागलं तर मधेमधे चवड्यांवर वर-खाली व्हायचं, चार पावलं चालून यायचं. आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी खास घट्ट मोजे घालायचे, ते झोपतानाच काढायचे. मी मिरजेला जाऊन त्या मोज्यांचे दोन जोड आणले होते.

रिक्षातून जाताना तिचा पाय मी मांडीवर धरून बसलो. रिक्षावाला दर खड्ड्याला सावकाश घ्यायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचो की जोरात घे. जोरात घेतली की सावकाश घे म्हणून ओरडायचो.

“तुम्हीच चालवा,” तो शेवटी म्हणाला.

मी पायजम्याची नाडी आवळल्याचं सांगत होतो तोवर शेटेबाईंनी जखम धुतली, औषध लावलं, पट्टी केली. मग चष्म्यावरून शालनकडं बघितलं.

“मोजे घालत नव्हता ना?”

“घालत हुते की. रोज.”

“रोज?”

“उठायच्या आधी. तुम्ही सांगितल्यागत.”

बाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. काढल्यावर तिथं खळगा तसाच राहिला. मग गुडघ्याखालच्या तांबड्या वळावर बोट ठेवलं. “ही खूण कसली?”

“पट्टी बांधत हुते. मोजा घसरायचा म्हणून.”

“शालनबाई, हे मोजे घसरत नाहीत. लोकांना काढताना घाम फुटतो. मला कशाला खोटं सांगता? नसाल घालत तर नाही म्हणून सांगा, मी काय मारणार आहे?”

“घातलेत वो बाई.”

“ती खोटं बोलत नाही,” मी म्हणालो. “माझ्या डोळ्यांसमोर घालते ती.”

“दुसरा जोड आहे ना घरी? घेऊन या मग. मला बघू दे.”

मी तसाच पळालो. उन्हं डोक्यावर आली होती. पायात चपला आहेत की नाहीत हेही मला मंडईत गेल्यावर कळलं, नव्हत्या. दुकानात नबी फरशीवर पाण्याच्या बादल्या ओतत होता.

“काय म्हणाली डॉक्टरीण?”

“म्हणते खोटं बोलतोय आम्ही.”

“आन तुम्ही काय करालाय?”

“पुरावा न्यायला आलोय.”

मोजे माझ्या फळीवर होते. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले, वरून पांढरा दोरा बांधलेला, गिऱ्हाइकाचे कपडे देतात तसे. मी नबीची सायकल घेतली आणि तो पुडा छातीशी धरून एका हातानं चालवत निघालो. मला राग आला होता. आमच्यासारख्यांचं कुणी खरं मानत नाही, असं काहीबाही मनात येत होतं. आता उघडून दाखवतो, म्हटलं. बघा म्हणावं कसे ठेवलेत.

बाईंनी दोरा सोडला, कागद उलगडला. मोजे वर धरले. कागदासारखे सपाट होते. मधोमध घडीची सरळ रेघ, खालपासून वरपर्यंत. एक सुरकुती नव्हती. मी शालनकडं बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

बाईंनी एका मोज्यात हात घातला. मूठ मिटून घातली, तरी ती सरळ आत गेली, कोपरापर्यंत. त्यांनी मोजा ताणला आणि सोडला. तो ताणलेला तसाच राहिला.

“हा मोजा आहे की पिशवी?” त्या म्हणाल्या. “याचा रबर पार मेलाय. अख्खा मोजा रबराच्या धाग्याचा असतो. तोच पाय दाबून धरतो, त्याच्यानंच रक्त वर सरकतं. याला उकळत्या पाण्यात टाकलंय कुणी तरी.” मग त्यांनी ती घडीची रेघ बघितली. बोटानं चाचपली. “इस्त्री? मोज्यांना इस्त्री केली? कुणी केली?”

माझं तोंड उघडलं होतं.

“मी,” शालन म्हणाली.

“तुम्ही?”

“हां. सवयच हाताला. धुतलं की फिरवायची.”

मग बाई तिला बोलल्या. पुष्कळ बोलल्या. मोज्यांच्या डब्यात कागद होता, त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं. इंग्रजी कळत नाही तर विचारायला यायचं, पाच मिनिटांवर दवाखाना आहे. आठ महिने पाय उघडाच होता म्हणायचा. वर पट्टी बांधून रक्त आणखी कोंडलं. आज फुटलेली शीर रात्री झोपेत फुटली असती तर सकाळपर्यंत अंथरुणातच सगळं संपलं असतं. एवढा निष्काळजीपणा माणूस दुसऱ्याच्या कपड्यांच्या बाबतीत तरी करेल का?

शालन मान खाली घालून ऐकत होती. मी तिच्या शेजारी उभा होतो. बाईंच्या अंगावरचा पांढरा कोट माझ्या हातचा होता. कॉलर कशी बसली आहे ते मी बघत होतो. गावात माझ्या हाताला नाव होतं. मोठ्या घरचे लोक लग्नाचे शालू दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत. मी काही बोललो नाही.

“आता ऐका,” बाई म्हणाल्या. “ही जखम भरल्याशिवाय शिरेचं ऑपरेशन करता येत नाही. जखम भरायची तर रोज दाबपट्टी बांधायची, बोटांपासून गुडघ्यापर्यंत, खाली घट्ट आणि वर जरा कमी. मोजे तुम्ही कसे सांभाळलेत ते बघितलं मी. घरी हे व्हायचं नाही. पंधरा दिवस वर खाटेवर राहायचं.”

“मी न्हाई राहणार,” शालन म्हणाली.

“काय?”

“पंधरा दिवस पडून माझं डोकं फिरंल. घरी बांधीन मी.”

“घरी चालणार नाही. राहायचं नसेल तर दुसरा डॉक्टर बघा. मी जबाबदारी घेणार नाही. बाहेर बसा आणि काय ते ठरवा.”

बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता. तिला आडवं बसवून तिचा पाय मी बाकावर घेतला. समोर तीन पेशंट बसले होते, म्हणून हळू आवाजात बोलावं लागत होतं. मला बसवेना. मी उठायचो, जिन्यापर्यंत जायचो, परत यायचो.

“बसा की एका जागी,” ती म्हणाली. “माझ्या पायात दुखणं आन नाचालाय तुम्ही.”

“तू का म्हणालीस, मी केली म्हणून?”

“मग काय म्हणायचं हुतं?”

“खरं ते सांगायचं.”

“तुम्ही हुतासा की तिथं. तोंड न्हवतं तुम्हाला?”

मी बसलो.

थोड्या वेळानं म्हणालो, “कधी कळलं तुला, ते ढिले झालेत म्हणून?”

“पहिल्याच आठवड्यात. नवं हुतं तवा असा पाय आवळून धरायचं की संध्याकाळी हलकं वाटायचं. मला वाटलं, बरं झालं, ह्यो एक गुण आला. मग तुम्ही धुऊन इस्त्री करून दिलंसा. घातलं आन कळलं, गेलं.”

“पहिल्याच आठवड्यात?”

“हां.”

“आणि आठ महिने तू...” माझा आवाज चढला. समोरची म्हातारी बघायला लागली. मी खाली वाकलो. “बोलली का नाहीस? तोंड तुलाही होतं की.”

ती पायाच्या बोटांशी लागलेला सुटा दोरा ओढत राहिली.

“सव्वीस वर्षं झाली लग्नाला,” ती म्हणाली. “माझं एक तरी कापड कधी तुमच्या टेबलावर चढलंय का? आठवून सांगा.”

मी आठवायला लागलो. मला वाटलं, काही तरी सापडेलच. नंदाच्या, आमच्या मुलीच्या, लग्नातली साडी आठवली. जांभळी, मोरपंखी काठाची. त्या दिवशी सकाळपर्यंत गिऱ्हाइकांची कापडं संपत नव्हती. शालननं ती साडी रात्री घडी घालून गादीखाली दाबून ठेवली होती आणि सकाळी तशीच नेसली होती. दिवाळी, नागपंचमी, कुणाची बारशी, सगळ्या साड्या गादीखालच्याच. तिच्या टेबलावरही गिऱ्हाइकाचंच असायचं. मीच सांगितलं होतं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. आधी गिऱ्हाइकाचं, मग घरचं. घरच्याची पाळी कधी आली नाही.

“नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही मोजे हातानं धुतलंसा. वर ओलं फडकं घालून हळूहळू इस्त्री केलीसा. कागदात बांधून माझ्या उशाला आणून ठेवलंसा. दर तिसऱ्या दिवशी. मी म्हटलं, राहू दे. ढिलं तर ढिलं. वर पट्टी बांधली की झालं.”

“त्याच्यापायी पाय घालवायला निघालीस?”

“पाय जातोय असं कुठं ठाऊक हुतं मला? वाटलं, दुखंल थोडं जास्त. ते तर दुखतच हुतं.”

मी उठलो.

“कुठं निघाला?”

“आत.”

“अवो, पेशंट हाय आत. बसा. चारचौघांत कशाला... अवो!”

आत एक माणूस जीभ बाहेर काढून बसला होता. बाई त्याच्या घशात बॅटरी मारत होत्या.

“सोपानराव, जरा थांबा.”

“थांबलो तर परत बोलायचो नाही,” मी म्हणालो. “मोज्यांना इस्त्री मी केली. तिनं नाही. गरम पाण्यात सोडा घालून मी धुतले, मीच इस्त्री केली. दर तिसऱ्या दिवशी, आठ महिने. तिनं तुम्हाला खोटं सांगितलं आणि मी उभा राहून ऐकलं.”

जीभ बाहेर काढलेला माणूस तसाच माझ्याकडं बघत राहिला.

“का केली?” बाईंनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता.

“तुम्ही सांगितलं होतं म्हणून.”

“मी?”

“त्या दिवशी जाता जाता तुम्ही म्हणाला होता. मोज्याला सुरकुती पडू देऊ नका. सुरकुती पडली की तिथं रक्त अडतं. मी म्हटलं, एवढं तर आपल्या हातातलंच काम आहे.”

बाईंनी बॅटरी बंद केली. “अहो, घालताना. पायावर चढवताना सुरकुती पडू द्यायची नाही.”

“परटाला सुरकुती म्हटल्यावर दुसरं काय सुचणार, बाई?”

त्यांनी मग कपाळाला हात लावला आणि त्यांना हसू आलं. लगेच त्यांनी ते आवरलं. घशाच्या पेशंटला म्हणाल्या, “तोंड मिटा आता. पाच मिनिटं बाहेर बसा.”

तो गेल्यावर त्यांनी कपाटातून दाबपट्टीची गुंडाळी काढली. कंपाउंडरला हाक मारली, त्याला टेबलावर झोपवलं आणि विजारीचा पाय वर करायला लावला.

“घरी पट्टी कोण बांधणार?”

“मी.”

“मग बघा. सुरुवात बोटांपासून. टाच उघडी ठेवायची नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा. ताण खाली जास्त, वर कमी. उलटं झालं की तुमच्या नाडीसारखं होणार. आता तुम्ही बांधा.”

मी बांधली. त्यांनी सोडायला लावली. परत बांधली, परत सोडायला लावली. चौथ्या वेळी कंपाउंडर म्हणाला, “बाई, माझा पाय बरा आहे, मला उठू द्या आता.”

“पट्टी अंथरुणात बांधायची,” बाई म्हणाल्या. “पाय जमिनीला लागायच्या आधी. आदल्या दिवशीची काढायची, पाय थोडा वेळ उशीवर ठेवायचा, मग नवीन. काढलेली थंड पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची. आणि इस्त्री...”

“हात लावणार नाही.”

“रोज संध्याकाळी मला पाय आणून दाखवायचा. एका दिवशी जरी पट्टी ढिली दिसली तरी त्याच दिवशी वरची खाट. तेव्हा मी कुणाचं ऐकणार नाही.”

“किती घट्ट बांधायची, हे कसं कळणार मला?”

“त्यांना विचारायचं. पाय त्यांचा आहे.”

बाहेर आलो तर शालन रागानं बघत होती. “सांगितलंसा ना? झालं समाधान? उद्यापासनं त्यांचं कोट दुसऱ्याकडं जाणार बघा.”

“जाऊ देत,” मी म्हणालो. ते कोट कुठं गेले नाहीत, पण तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

जखम भरायला सात आठवडे लागले. मग शिरेचं ऑपरेशन झालं. पुढं वीस वर्षं ती त्या पायावर चालली. गेली ती छातीच्या दुखण्यानं. आठवड्याभरात गेली, त्यात पायाचा काही संबंध नव्हता. पण मला सांगायची आहे ती त्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

शालन रोज पाचला उठायची. मी उठेपर्यंत पाणी भरलेलं, चूल पेटलेली असायची. त्या दिवशी मी साडेचारलाच उठून दिवा लावला आणि पट्टी हातात घेऊन तिच्या पायाशी बसलो. तिला जाग आली. सवयीनं उठायला गेली.

“पडून राहा.”

“बांधा मग लवकर. नळ येईल.”

“येऊ दे.”

“येऊ दे काय? अर्धा तास असतो नुसता. पाणी कोण भरणार, तुम्ही? तुम्हाला हंडा कुठं ठेवायचा ते तरी ठाऊक हाय का?”

मी जुनी पट्टी सोडली. पाय उशीवर ठेवला. ती आढ्याकडं बघत पडली होती, पण तिचा एक हातही स्थिर नव्हता. चादरीचा काठ ओढ, उशी नीट कर, बांगड्या मागं सार. बाहेर बोळात कुणाची तरी बादली वाजली.

“झालं का?”

“अजून सुरुवात नाही केली.”

“अरे देवा.”

मी बोटांपासून सुरुवात केली. घाई करत नव्हतो तरी हात घाई करत होते. टाचेभोवती एक वेढा, घोट्यावर दुसरा, प्रत्येक निम्मा निम्मा. गुडघ्यापर्यंत पोचलो, पिन लावली. मागं सरून बघितलं. कुठं सुरकुती नव्हती. कडा सगळ्या एका ओळीत आल्या होत्या.

“कसं वाटतंय?”

“चांगलं हाय. सोडा आता मला.”

ती हे म्हणणारच होती. मी पाय सोडला नाही. बोळातला नळ आला, पहिली हवा सोडत घरघरला, आणि मग कुणाच्या तरी हंड्यात पाणी पडायला लागलं. तिनं दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी तिचा पाय मांडीवर धरून बसलोच होतो.

“शालन, कसं वाटतंय?”

तिनं मान उचलून त्या पायाकडं बघितलं, बोटं हलवली, घोटा जरा फिरवला. मी वाट बघत होतो. बाहेर दुसरा हंडा लागल्याचा आवाज आला.

“पोटरीपाशी ढिलं हाय,” ती म्हणाली.

“कुठं?”

“हितं. आन टाचंवर नीट बसलं न्हाई, आत्ताच सरकालंय.” तिनं डोकं परत उशीवर टेकलं. “सोडा सगळं. परत बांधा.”

मी पिन काढली.